जिरोकास्तरला जाताय? दोन मुक्काम तरी कराच

आपल्या सोलापुरातनं युरोपला निघालेली बहुतेक मंडळी स्वित्झर्लंड-पॅरिसचं पॅकेज घेतात. अल्बानियाच्या दक्षिणेला, द्रिनो नदीच्या खोऱ्यावर डोंगरउताराला वसलेलं जिरोकास्तर कुणाच्या यादीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जे जातात तेही सारांदाच्या समुद्रकिनाऱ्यावरून सकाळी येतात आणि दुपारी परततात. तसं करू नका. वरच्या जुन्या गावातच दोन रात्री राहा. गर्दी ओसरल्यावरच हे गाव नीट भेटतं.

आधी कागदपत्रं. अल्बानिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही, त्यांचा ई-व्हिसा ऑनलाइन भरता येतो. शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा वैध मल्टिपल-एन्ट्री व्हिसा एकदा वापरलेला असेल तर तोच चालतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी तिथल्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर खात्री करा. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, पुढं इस्तंबूलमार्गे राजधानी तिराना, आणि तिथून बसनं साधारण चार तास.

बस खाली नव्या वस्तीत, हमरस्त्यावर सोडते. जुनं गाव वर आहे आणि चढ खडा आहे. सरळ टॅक्सी करा. रस्ते दगडगोट्यांचे, चाकाची बॅग तिथं कामाची नाही. झिजून गुळगुळीत झालेला दगड पावसात फार निसरडा होतो, म्हणून बूट रबरी सोलचेच घ्या. मे किंवा सप्टेंबर उत्तम. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस झोडपतो.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर किल्ल्यावर जा. आपला भुईकोट सपाटीवर, हा कातळावर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेपेलेनाच्या अली पाशानं, म्हणजे इथल्या ऑटोमन सुभेदारानं, तो वाढवला, पुढं तिथं तुरुंगही होता. कमानीखालच्या तोफा बघा, पण जास्त वेळ तटावर घालवा. तिथून गावाची छपरं दिसतात. चुनखडीच्या चपट्या लाद्या एकावर एक रचलेल्या, जणू शहाबादी फरशीच घरावर चढवलीय. हे वजन खालच्या लाकडी वाशांवर असतं. वासे कुजले की छप्पर बसतं, आणि तशी ढासळलेली घरंही तटावरून दिसतील. युनेस्कोनं २००५ मध्ये गावाला जागतिक वारसा यादीत घेतलं, पण एकेका छपराची डागडुजी किती खर्चिक असेल, ते तिथं उभं राहिलं की कळतं.

दुपार जुन्या घरांसाठी ठेवा. स्केंदुली आणि झेकाते ही दोन चुकवू नका. आधी स्केंदुली करा. घरातलं कुणी माणूस माहिती सांगायला असेल तर घाई न करता ऐका आणि विचारा. खाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. मधल्या मजल्यावर जाड भिंतींच्या हिवाळी खोल्या. वर उन्हाळ्यासाठी हवेशीर दालनं. पाण्याची टंचाई बघितलेल्या सोलापूरकराला त्या टाक्यापाशी थांबावंसं वाटेलच. झेकाते १८१२ च्या सुमाराचं, दोन बुरुजांचं, गावाच्या वरच्या अंगाला. तिथल्या पाहुण्यांच्या दालनातली भिंतीवरची चित्रं आणि कोरीव छत बघायला मान दुखेपर्यंत वर बघाल. एन्व्हर होजा या अल्बानियाच्या हुकूमशहाचा जन्म १९०८ मध्ये याच गावात झाला. त्याच्या जन्मघराच्या जागी आता लोकजीवनाचं संग्रहालय आहे.

शाकाहारी असाल तर काळजी नको. 'पा मिश' म्हणजे बिनमांसाचं, एवढं पाठ करा. पालक किंवा चीज भरलेला ब्युरेक, म्हणजे पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, सगळीकडे मिळतो. गावचा खास पदार्थ किफकी: भात, अंडं आणि पुदिन्याचे गोळे, खोलगट वाट्यांच्या तव्यात तळलेले. अंडं चालत नसेल तर आधी विचारा. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या, दोन्ही प्रवासात टिकतात.

आता बाजार. माझा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडला आहे, त्यामुळं इथं मी तासन्‌तास रमलो, आणि तुम्हालाही एवढं सांगतो: विणलेलं काहीही घेताना आधी उलटं करा. हातमागाच्या किलीमला, म्हणजे सतरंजीसारख्या विणलेल्या जाजमाला, दोन्ही बाजू जवळपास सारख्याच असतात, आणि काठ जरासा कमी-जास्त झालेला दिसतो. मागं रंग फिका पडलेला दिसला तर छापील माल समजा. भरतकामाच्या मागं दोऱ्याच्या गाठी आणि एका फुलापासून दुसऱ्या फुलाकडं गेलेला धागा दिसला तर ते हाताचं. सगळीकडं एकाच रंगाचा बारीक धागा एकसारखा धावत असेल तर यंत्राचं. क्रोशाची लेस करणाऱ्या बायकांकडून घेताना घासाघीस करू नका. एका रुमालाला किती वेळ जातो, हे मागावर बसणाऱ्यांच्या गावाला सांगायला नको.

पैसे देताना मात्र जपून. तिथलं चलन लेक. सोबत युरो न्या आणि तिथं बदला. १९६५ मध्ये चलनातलं एक शून्य कमी केलं, तरी पुष्कळ लोक अजून जुन्या हिशेबानं बोलतात. तीनशेची वस्तू 'तीन हजार' सांगितली जाते. त्यात फसवाफसवी नसते. शांतपणे आकडा कागदावर लिहून मागा आणि मगच नोट काढा.