पीडीएफ हलकी करताना या चुका टाळा

सोसायटीचा पुनर्विकास निघाला, फ्लॅट विकायला काढला किंवा गृहकर्जाची फाइल द्यायची झाली, की शंभर-सव्वाशे पानांचा करारनामा स्कॅन होतो आणि ८०-९० एमबीची पीडीएफ हातात पडते. मग ती एखाद्या फुकट साइटवर टाकून ४ एमबी केली जाते. आधार, पॅन, इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश) असलेला दस्तऐवज अनोळखी सर्व्हरवर चढवणं हीच खरं तर पहिली चूक. दुसरी म्हणजे फाइल नेमकी कशामुळे फुगली हे न बघताच ती दाबणं.

सगळी पानं कलरमध्ये स्कॅन करणं

ए४ पान ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. त्याचा कच्चा डेटा कलरमध्ये २६ एमबी, ग्रेस्केलमध्ये ८.७ आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात जेमतेम १.१ एमबी भरतो. काळ्या-पांढऱ्या पानावर ग्रुप ४ कॉम्प्रेशन (फॅक्समध्ये वापरली जाणारी डेटा दाबण्याची पद्धत) लावलं, तर टाइप केलेलं स्वच्छ पान बहुधा १०० केबीच्या आत बसतं आणि एकही पिक्सेल बदलत नाही. खरी बचत इथे, स्कॅनरवरच होते.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात काय किंवा घराजवळच्या कोपऱ्यावर काय, झेरॉक्सवाल्याला नुसतं "स्कॅन करून द्या" म्हटलं, तर मशीनवर जे सेटिंग असेल त्यावरच तो करणार. त्यामुळे पानांचे तीन गठ्ठे करूनच जा. टाइप मजकुराची पानं काळी-पांढरी, ३०० डीपीआय. दुय्यम निबंधकांचा शिक्का अक्षरांवरच बसलेली पानं ग्रेस्केल, २०० डीपीआय. मुद्रांक, फोटो आणि अंगठ्यांची पानं कलर, २०० डीपीआय. मुद्रांकाचं पान काळं-पांढरं करू नका; कागदावरच्या नक्षीचे काळे डाग होतात आणि मजकूर त्यात बुडतो. तिन्ही फाइली नंतर पीडीएफसॅम या पीडीएफ जोडायच्या सॉफ्टवेअरने जोडून पानं क्रमाने लावता येतात. समोरच्याने सगळंच कलर मागितलं असेल, तर मात्र इलाज नाही.

पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं उमटत असतील, तर स्कॅन करताना पाठीमागे काळा कागद ठेवा. मोबाइलने फोटो काढत असाल, तर पानावर स्वतःची सावली पडू देऊ नका. हा सगळा 'कचरा' कॉम्प्रेशनच्या दृष्टीने तपशीलच असतो, आणि त्यावर बाइट खर्च होतात.

डीपीआय इतकं उतरवणं की अनुस्वार जातो

घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हलकी करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं 'स्क्रीन' सेटिंग कलर आणि ग्रेस्केल चित्रं ७२ डीपीआयवर आणतं, 'ईबुक' १५० वर, 'प्रिंटर' ३०० वर. ९ पॉइंटच्या टाइपला ३०० डीपीआयला साधारण ३७ पिक्सेल उंची मिळते, ७२ ला फक्त ९. त्या नऊ पिक्सेलांत शिरोरेघ, मात्रा, रफार आणि अनुस्वार कसे मावणार? इंग्रजीला पुरलं म्हणून देवनागरीला पुरेल असं नाही. मराठी मजकुरासाठी १५० च्या खाली जाऊ नका, जोडाक्षरं बारीक असतील तर २०० ठेवा. तपासणी २०० टक्के झूमवर, पानावरचं सगळ्यात बारीक अक्षर शोधून करा. पहिलं पान चांगलं दिसलं यावर समाधान मानू नका.

जेपीईजीने अक्षरांच्या कडेला करडी धूळ येते ती वेगळीच. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की ती वाढतच जाते, म्हणून दर वेळी मूळ स्कॅनवरूनच नवी प्रत बनवा.

आकडे बदलणारं कॉम्प्रेशन

जेबीआयजी२ हा कॉम्प्रेशनचा प्रकार काळ्या-पांढऱ्या पानांसाठी उत्तम, पण 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गमावणारा, असेल तरच. लॉसी प्रकारात दिसायला सारखी अक्षरं एकच मानून एकाच्या जागी दुसरं छापलं जातं. २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनच्या स्कॅनमध्ये ६ चा ८ होत होता, आणि पान दिसायला अगदी स्वच्छ होतं. सर्व्हे नंबर आणि चटईक्षेत्र असलेल्या कागदावर हा धोका कशाला घ्यायचा?

दाबूनही फाइल कमी होत नसेल तर

घोस्टस्क्रिप्ट चित्राला हात लावतं ते ठरवलेल्या डीपीआयच्या दीडपटीच्या वर गेल्यावरच. लक्ष्य १५० असेल, तर २२५ पर्यंतची चित्रं आहेत त्याच मापात राहतात. २०० डीपीआयचं स्कॅन 'ईबुक'ने फारसं का घटत नाही, त्याचं कारण हे. झिप करूनही उपयोग नाही, आतला डेटा आधीच दाबलेला असतो.

कधी दोष चित्रांचा नसतोच. अक्रोबॅट प्रोच्या पीडीएफ ऑप्टिमायझरमधलं 'ऑडिट स्पेस युसेज' चित्रं, फॉन्ट आणि बाकीचा ऐवज किती जागा खातात ते सांगतं. वर्डमधून केलेली फाइल असेल, तर 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये कापलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय निवडा. क्रॉप केलेलं चित्र आत पूर्णच्या पूर्ण शिल्लक असतं. कोरलड्रॉमध्ये मजकुराचे 'कर्व्ह' केले, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, की फाइल फुगते, शिवाय शोध आणि कॉपी दोन्ही बंद. त्याऐवजी फॉन्टचा वापरलेला भागच एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्ये सोबत ठेवा. जागा वाचवायला फॉन्ट पूर्ण काढून टाकला, तर समोरच्या संगणकावर मराठीऐवजी चौकोन दिसू शकतात. बिल्डिंग प्लॅन ऑटोकॅडमधून आला असेल, तर त्याचं चित्र करू नका. रेषा व्हेक्टरच, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा म्हणूनच, राहू द्या.

सहीनंतर दाबणं

डिजिटल सही झालेली पीडीएफ कॉम्प्रेस केली की बाइट बदलतात आणि सही अवैध ठरते, मग मजकूर जसाच्या तसा असला तरी. निविदा असो वा कंपनीची कागदपत्रं, आधी जोडणी, मग कॉम्प्रेशन, सही शेवटी. सही झालेली फाइल पोर्टलच्या मर्यादेपेक्षा मोठी निघाली, तर सहीच्या आधीची प्रत मागवून ती हलकी करा आणि पुन्हा सही घ्या.

हाताने सही करायची असेल, तर पूर्ण दस्तऐवज छापून परत स्कॅन करायची गरज नाही. सहीचं तेवढं पान छापा, स्कॅन करा आणि मूळ पीडीएफमध्ये त्या जागी बसवा. उरलेली पानं टाइप मजकूर म्हणूनच राहतील.