सॉफ्ट ग्राउंड : या चुका टाळा

एचिंगमध्ये, म्हणजे धातूची प्लेट आम्लानं कोरून चित्र छापण्याच्या पद्धतीत, प्लेटवर जो मऊ, मेणकट थर लावतात तो सॉफ्ट ग्राउंड. त्यावर कागद ठेवून पेन्सिलनं चित्र काढलं, की रेघेखालचा थर कागदाला चिकटून निघतो आणि तिथल्या उघड्या धातूला आम्ल खातं. पण कधी असं होतं : प्लेट आम्लातून काढली, ग्राउंड पुसलं, आणि रेघांऐवजी सगळीकडे तीळ सांडल्यासारखे खड्डे! खापर हमखास आम्लावर फुटतं. माझा अनुभव असा, की प्लेट बहुतेक वेळा त्याआधीच बिघडलेली असते.

पहिला संशयित म्हणजे ग्राउंडचा थर. चरबी किंवा व्हॅसलिन मिसळल्यामुळे हे ग्राउंड कधीच पुरतं सुकत नाही. सगळी गंमत त्यातच आहे. थर जाड झाला तर पेन्सिल त्याला उचलू शकत नाही, फार पातळ झाला तर आम्ल झिरपतं. कोमट प्लेटवर रोलर फिरवल्यावर रंग मधासारखा दिसावा, खालचा धातू चमकावा. काळाकुट्ट दिसला तर पुसा आणि पुन्हा लावा. कोपऱ्यात एक रेघ ओढून कागद उचलून पाहा : कागदाच्या पाठीवर दाणेदार तपकिरी रेघ आली आणि तिथं धातू लुकलुकला, की समजा जमलं. उन्हाळ्यात चरबी कमी, थंडीत थोडी जास्त.

दुसरी चूक हाताची. चित्र काढताना तळवा कागदावर टेकला की त्याचाही ठसा उमटतो. दोन्ही बाजूंना जाड पुस्तकं ठेवून वर लाकडी पट्टी टाका, हात तिच्यावर. कागद गुळगुळीत घेऊ नका. पोतच नसेल तर रेघेला खडूचा दाणा येणार कुठून?

पोताचा ठसा घ्यायला ग्राउंडवर जाळी, कापड, पान दाबायचं असेल तर प्रेसचा दाब छपाईपेक्षा कमी हवा. वर मेणकागद ठेवा, नाहीतर ग्राउंड ब्लँकेटला, म्हणजे प्रेसच्या लोकरी कापडाला, लागतं. रसाळ पान फुटतं, वाळवलेलं घ्या. जर्मन चित्रकार केटे कोलविट्झनं ‘शेतकऱ्यांचं युद्ध’ या मुद्राचित्रांच्या मालिकेत कापडाचे असे ठसे वापरले आहेत. जमलं तर जवळून बघाच.

आता आम्ल. जस्तावर नायट्रिक तीव्र असेल तर बुडबुडे नाजूक ग्राउंड उचकटतात. बुडबुडे पिसानं झाडायची सवय इथं नको, ओरखडे पडतात. ट्रे हलकेच हलवा. तांब्यावर आम्लाऐवजी फेरिक क्लोराइडचं द्रावण वापरलं तर त्याचा गाळ रेघांत बसतो, म्हणून प्लेट थोडी तिरकी ठेवा.

आणि कागद लगेच फेकू नका. वरची कड टेपनं प्लेटच्या पाठीला चिकटवलेली असेल, तर पाठीवर फिकी दिसणारी रेघ कागद परत खाली टेकवून, त्याच जागी पुन्हा गिरवता येते.