टर्मिनलात मराठी अक्षराच्या जागी चौकोन? या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाची वर्गणीची यादी मी साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतो आणि टर्मिनलातच (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) उघडतो. नवं लिनक्स टाकलं, जुन्या मशीनवरचा आवडता देवनागरी फॉन्ट तेवढा उचलून आणला. यादी उघडली तर ‘ॲड.’ लावणाऱ्या प्रत्येक वकिलापुढे चौकोन! बाकी मराठी ठणठणीत.

मी घाईघाईनं सगळे ‘ॲ’ काढून ‘अॅ’ टाकले. चौकोन गेले, जीव भांड्यात पडला. मग ग्रेपला (फाइलीत शब्द शोधणाऱ्या आज्ञेला) ‘ॲड.’ शोधायला सांगितलं, तर एकही वकील सापडेना. दिसायला जुळे, पण ‘ॲ’ हा एकच कोड आहे, यू+०९७२. तो युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या मानकाच्या) ५.१ आवृत्तीत, २००८ साली आला. दुसरा म्हणजे ‘अ’ आणि त्यावर चंद्र, असे दोन कोड. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी ते एक होत नाहीत. माझा फॉन्ट २००८च्या आधीचा, त्यात नेमकं हेच अक्षर नव्हतं. ₹ चीही तीच गत, तो २०१०चा.

तेव्हा चौकोन दिसला की फाइलीला हात लावू नका. एक्सएक्सडी या आज्ञेनं फाइलीतले बाइट्स पाहा: ई० ए५ बी२ दिसले तर ‘ॲ’ शाबूत आहे. मग एफसी-लिस्टला (मशीनवरचे फॉन्ट दाखवणाऱ्या आज्ञेला) कॅरसेट ०९७२ देऊन हे अक्षर कुठल्या फॉन्टात आहे ते विचारा. उत्तर रिकामं आलं तर नोटो सान्स देवनागरी टाका, एफसी-कॅश (फॉन्टांची नोंद ताजी करणारी आज्ञा) चालवा आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. (हे शेवटचं मी दरवेळी विसरतो.) गुजराती पत्त्यांसाठी नोटोचा गुजराती फॉन्ट वेगळा टाकावा लागतो.

पण नोटोलाच टर्मिनलाचा मुख्य फॉन्ट करू नका. तो मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची) नाही, रकाने वाकडेतिकडे होतात. मुख्य फॉन्ट देजावू सान्स मोनो राहू द्या. त्यात देवनागरी नाही, पण नसलेली अक्षरं फॉन्टकॉन्फिग (लिनक्सवर फॉन्ट निवडणारी यंत्रणा) दुसऱ्या फॉन्टातून आणतं.

चौकोनाऐवजी प्रश्नचिन्हं, किंवा फाइलींच्या नावांत \३४०\२४४ असले आकडे दिसले, तर फॉन्ट निर्दोष आहे. एसएसएचनं (टर्मिनलातून दूरच्या मशीनवर जाण्याच्या सोयीनं) सर्व्हरवर गेल्यावर हे बऱ्याचदा होतं. लोकेल (भाषा आणि अक्षरांच्या कोडची सेटिंग) तपासा, ते नुसतं सी असेल तर सी.यूटीएफ-८ करा.

जोडाक्षरं सुटी पडत असतील तर दोष टर्मिनलाच्या अक्षरं जोडून दाखवण्याचा, दुसरं टर्मिनल वापरून बघा. आणि कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून येणाऱ्या काळ्या कन्सोलवर फॉन्ट शोधत बसू नका. तिथल्या फॉन्टात जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात, जोडाक्षरांची जुळणी तर नाहीच.