तलावाकाठी सायकल चालवताय? या चुका टाळा

नागपूरला समुद्र नाही, खाडी नाही. पाणी आहे ते तलावांचं: फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा. आणि त्याला लागून लेआउट. बाकी महाराष्ट्रात लेआउट म्हणजे कागदावरचा नकाशा असेल, आमच्याकडे तो पत्ता असतो. या आखीव गल्ल्यांमधून निघून पाण्याच्या कडेने फेरी मारायला आम्ही रविवारी पहाटे साडेपाचला रविनगर चौकात जमतो. दर महिन्याला एखादा नवा भिडू येतो. सायकल नवी, कपडे नवे, चुका मात्र त्याच. बोलून बोलून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सेमिनरी हिल्सचा चढ लांबूनच दिसतो, त्यामुळे तिथे सगळे शहाण्यासारखे गिअर बदलतात. तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, रस्ता सपाट, म्हणून तिथे डोकं घरी ठेवून येतात.

सीट खाली ठेवणं ही सगळ्यात जुनी चूक. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली, आणि मग दहा किलोमीटरनंतर गुडघे धरून बसायचं. पेडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की ती तुमच्या सीटची उंची. दुकानदाराने लावून दिली होती, हे कारण मला सांगू नका.

आता चिखल. पावसाळ्यात काळ्या मातीत सायकल घालू नका. ही माती भिजली की फुगते आणि लापशीसारखी चिकटते. चाकाचा एक फेरा झाला की टायर दुप्पट जाड, दुसऱ्यात मडगार्ड भरलं, तिसऱ्यात चाक धरणाऱ्या चिमट्यात माती ठासून चाक जाम.

तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. गोरेवाड्याकडून परत येताना आमच्यातला एक पोट्टा, वय तेवीस, सायकल घेऊन पंधरा दिवस झालेले, म्हणाला, "काका, इकडून मधून रस्ता हाय न. मॅपवर दाखवते. दोन किलोमीटर वाचतात." मी नको म्हटलं. तो गेला. आणि तो एकटा कसा जाईल म्हणून मीही गेलो, हा माझा मूर्खपणा. शंभर मीटरवर माझं चाक थांबलं, मी उतरलो. त्याचंही अडत होतं, पण त्याच्या मांड्यांत जोर होता. "काही नाही होत न काका," म्हणत त्याने पेडलवर उभं राहून दाबलं. कट्ट! मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, मातीच्या गोळ्यासकट वर ओढला गेला आणि स्पोकमध्ये अडकला. दोन स्पोक वाकले, हँगर तुटला.

हँगर म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो बोटभर धातूचा तुकडा. तो मुद्दाम कमजोर केलेला असतो, म्हणजे आपण मोडतो आणि फ्रेम वाचवतो. पण तो मॉडेलप्रमाणे बदलतो, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. चेन तोडायचं टूल असतं तर चेन आखूड करून एका गिअरवर घरी आलो असतो. ते दोघांकडेही नव्हतं. सायकल खांद्यावर घेऊन काटोल रोडपर्यंत चालत आलो. दोन किलोमीटर वाचवायला गेलेल्या पोट्ट्याचे तीन तास गेले, आणि हँगर येईपर्यंत सायकल तीन आठवडे भिंतीला टेकून उभी होती.

चाक जड लागलं की त्याच क्षणी उतरा. ढकलूही नका, ढकलल्यानेही माती चढतेच. उचला आणि गवतावर नेऊन ठेवा. मग काडीने आधी ब्रेकजवळची माती काढा, नंतर डिरेलरची, मग हाताने चाक फिरवून बघा. मी आता पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कच्च्या वाटेला जातच नाही. भित्रा म्हणा.

दुसरी माझी नावडती चूक: पंक्चर काढायचं आणि काटा तसाच ठेवायचा. तलावाकाठच्या पायवाटांवर बाभळीचे काटे आणि गोखरू पसरलेले असतात. एका गृहस्थांनी एका सकाळी तीन ट्यूब बदलल्या आणि दर वेळी ट्यूबच्या कंपनीला शिव्या घातल्या. काटा टायरमध्ये आतून अर्धा मिलिमीटर डोकावत होता. ट्यूबला भोक सापडलं की वॉल्व्हपासून अंतर मोजून टायरवर तीच जागा शोधायची. त्यानंतरही पूर्ण टायर आतून तपासायचा. बोट फिरवाल तर रक्त निघेल. मी जुना सुती मोजा फिरवतो, काट्याला धागा अडकतो. काटा बाहेरून ओढून निघत नसेल तर आतून दाबून काढायचा. गोखरू लागलं असेल तर भोक एकच आहे असं समजू नका, त्याला एकापेक्षा जास्त काटे असतात.

शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर मात्र काट्याला दोष देऊ नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. हवा किती हवी ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, अंगठ्याने दाबून कळत नाही. उलट टोकाचे लोक कंप्रेसरवर दगडासारखी हवा भरून सायकल उन्हात ठेवतात. तेही नको.

रेतीवर वळताना फक्त पुढचा ब्रेक दाबू नका. चेनला घरातलं गोडं तेल घालू नका. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेचा, त्यामुळे आधी पश्चिमेला वाडी गावाच्या दिशेला जा, म्हणजे परतताना तो पाठीशी असेल. कुत्री मागे लागली तर उतरा, सायकल मध्ये धरा. पळालात की ती जास्त धावतात.

मे महिन्यात सातला निघणाऱ्यांबद्दल काय बोलावं! 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदले गेलेत. मी आठच्या आत घरात असतो.

आणि रस्त्यावरून वाहतं पाणी असेल तर परत फिरा. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी ओसंडला तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउटच्या घरांत रात्रीत पाणी शिरलं होतं. "घोट्याएवढंच तर आहे" म्हणणाऱ्याला पाण्याखालच्या चेंबरवर झाकण आहे की नाही, हे दिसत नसतं.

तो पोट्टा अजून येतो. पिशवीत दोन हँगर आणि चेनचं टूल घेऊन फिरतो, चिखल दिसला की माझ्याआधी उतरतो. सीट मात्र अजून खालीच आहे.