गावोगावच्या कॉम्प्युटरमधला पुरावा एका जागी बसून गोळा करा

यवतमाळ जिल्ह्यात पतसंस्था, जिनिंग, सेवा केंद्र यांचं काम पाच-सहा गावांत विखुरलेलं असतं. गडबड झाली की पेन ड्राइव्ह घेऊन गावोगाव मोटारसायकल फिरवू नका. तोवर पुरावा जातो. विंडोजचा सिक्युरिटी लॉग, म्हणजे कोण कधी लॉगिन झालं वगैरेची नोंदवही, मूळ सेटिंगमध्ये फक्त २० एमबीचा असतो. भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या बसतात. ही मर्यादा आजच वाढवा.

व्हेलोसिरॅप्टर हे दूरच्या कॉम्प्युटरमधून पुरावा गोळा करायचं मोफत, ओपन सोर्स साधन आहे. त्याचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, प्रत्येक मशीनवर आधीच बसवून ठेवा. एक 'हंट', म्हणजे सगळ्या मशीनना एकदम माहिती मागणारा हुकूम, सोडला की चालू मशीन लगेच माहिती पाठवतात. घाटंजीकडची लाइट गेली असेल तर तिथलं मशीन लाइट आल्यावर पाठवतं. फक्त हंटची मुदत संपायच्या आत ते सुरू व्हायला हवं. अख्खी डिस्क मागवू नका, खेड्यातलं नेट तेवढं ओढत नाही. लॉग, प्रीफेच (कोणते प्रोग्राम चालले त्याच्या विंडोजच्या नोंदी), यूएसबी जोडल्याच्या नोंदी, एवढ्यावर बहुतेक वेळा दिशा कळते.

खरा घोळ घड्याळाचा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि पाच मशीनच्या घटना एका ओळीत लागत नाहीत. सेल बदला, एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ लावायच्या सोयीने, वेळ जुळवा. लॉगमधली यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तेही ध्यानात असू द्या.

प्रत्येक फाइल हाती येताच तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा डिजिटल ठसा, आपोआप नोंदला जाईल अशी सोय करा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो.