आल्याचा चहा, काढा आणि सरबत : घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

आलं आपल्या घरात कधी संपत नाही, संपलं तरी भाजीवाला कोथिंबिरीसोबत बोटभर तुकडा पिशवीत टाकतोच. सर्दी झाली आलं, पोट जड वाटलं आलं, पाहुणे आले तरी आलंच. आणि इतकं रोजचं झाल्यामुळे ते कसं घालायचं, कधी घालायचं, किती घालायचं आणि कोणी जरा जपून घ्यायचं याचा विचारच होत नाही. मग चहा फाटतो, काढ्याने छातीत जळजळ होते, सरबताच्या बाटलीत तळाला पांढरं काहीतरी बसतं आणि आपण दोष देतो दुधाला नाहीतर लिंबाला. यातल्या बहुतेक गोष्टींचं कारण साधं आहे आणि एकदा कळलं की परत त्रास होत नाही.

दूध फाटलं, पण दुधाचा दोष नाही

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सकाळी ताजी पिशवी फोडली, पातेल्यात दूध-पाणी एकत्र ठेवलं, कोमट झाल्यावर वरून आलं किसून टाकलं आणि बघता बघता कडेने बारीक बारीक पांढरे कण दिसायला लागले, वर पिवळसर पाणी सुटलं. सगळे म्हणतात दूध शिळं होतं. नव्हतं. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं एक एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध साकळतं. दूध साठ-पासष्ट अंशांच्या आसपास गरम असताना त्याचं काम सगळ्यात जोरात चालतं, म्हणजे दूध तापतंय पण अजून उकळलं नाही नेमक्या त्या वेळी. चीनच्या दक्षिणेला ग्वांगडोंग प्रांतात तर याच गुणावर एक गोड पदार्थ करतात, वाटीत आल्याचा रस ठेवायचा, त्यावर गरम गोड दूध ओतायचं आणि हात न लावता सोडायचं, थोड्या वेळात मऊ खरवसासारखं लागतं.

आपल्याला चहा हवाय, खरवस नको, म्हणून क्रम बदला. आधी नुसतं पाणी, त्यात ठेचलेलं आलं, दोन-तीन मिनिटं खळखळून उकळू द्या, त्या उकळीने एन्झाइम निकामी होतं. मग साखर आणि चहा पावडर आणि शेवटी दूध, तेही शक्यतो गरम केलेलं. असं केलं तर दूध फाटायचं कारणच राहत नाही. आणि समजा फाटलंच, दूध ताजं होतं आणि वास चांगला आहे, तर गाळून प्यायला हरकत नाही, त्यात विषारी काही नसतं. आंबूस वास असेल तर मात्र ओतून द्या.

गुळाच्या चहाचं थोडं वेगळं. गूळ काही वेळा आंबटसर असतो, त्यात भरीला कच्चं आलं असेल तर फाटणं ठरलेलंच. गूळ आल्यासोबत पाण्यातच विरघळवा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग गरम दूध घाला, घातल्यावर पुन्हा उकळी काढू नका. रात्रीच्या हळदीच्या दुधात आलं हवंच असेल तर ओलं आलं न घालता चिमूटभर सुंठ घाला, सुंठीने सहसा दूध फाटत नाही.

मठ्ठ्यात पण हाच खेळ आहे बरं का. कार्यासाठी म्हणून आदल्या रात्रीच ताकात आलं वाटून घालून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पंगतीला मठ्ठा कडवट लागतो. मिरची, कोथिंबीर, जिरं आधी घातलं तरी चालेल, आलं आयत्या वेळी घाला.

किसायचं की ठेचायचं

किसणीवर जून आलं उभं धरून किसलं की दोरे निघतात, गाळणी तुंबते आणि अर्धा रस त्या चोथ्यातच राहतो. आल्याचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, म्हणून आधी आडव्या चकत्या करा आणि मग खलबत्त्यात दोन-चार घाव घाला. साल जाड काढू नका. चांगलं घासून धुतलं असेल तर चहाला साल काढायची गरज नसते, आणि काढायचीच असेल तर चमच्याच्या कडेने खरवडा, सुरीने निम्मं आलं वाया जातं. बाजारातली तयार आलं-लसूण पेस्ट चहात घालू नये हे सांगायची गरज नसावी पण नुसती आल्याची पेस्ट घालणारे आहेत, त्यात मीठ असतं, आंबटपणा असतो, टिकवण्यासाठी बाकी पण काही असतं आणि चव कधीच ताज्या आल्याची येत नाही.

उकळायचं किती, हाही घोळ आहे. शेवटी टाकलं तर कच्चा झणका लागतो आणि घसा चरचरतो, वीस-पंचवीस मिनिटं आटवत बसलं तर वास सगळा वाफेबरोबर निघून जातो आणि उरतो नुसता तिखटपणा. चहाला दोन-तीन मिनिटं, नुसत्या आल्याच्या पाण्याला झाकण ठेवून सात-आठ मिनिटं, एवढं पुरतं.

सुंठ म्हणजे वाळलेलं आलं, पण प्रमाण तेच नाही

रेसिपीत एक चमचा किसलेलं आलं लिहिलंय, घरात नाही, मग एक चमचा सुंठ पावडर टाकली, ही फार मोठी चूक. ताज्या आल्यात साधारण 80 टक्के पाणीच असतं, सुंठीत ते उडून गेलेलं असतं. शिवाय वाळताना त्यातला तिखट घटक बदलतो, ओल्या आल्यात जिंजरॉल असतं, वाळल्यावर त्यातल्या काही भागाचं शोगॉल होतं आणि ते आणखी झणझणीत असतं. त्यामुळे चमचाभर किसाच्या जागी सुंठ अगदी दोन चिमटी घाला, चव बघा, मग वाढवा. जास्त झाली तर पेय कडू होतं आणि मग कितीही गूळ घाला ते सुधारत नाही.

काढा : इथे जरा थांबून वाचा

2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायला सांगितला होता. एकदा किंवा दोनदा. पण आपल्याकडे तो पाच-सहा वेळा प्यायला गेला, मिरी मूठभर, सुंठ चमचा चमचा, आणि मग तोंड येणं, पोटात आग, छातीत जळजळ हे घरोघरी झालं. ती सवय काही घरांत अजून आहे. आता त्यात नवीन भर पडलीय सकाळी उपाशीपोटी आल्याच्या रसाचा शॉट मारायची, चरबी वितळते म्हणून. आल्याने चरबी वितळत नाही. ज्यांना आधीच ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी कडक आलं घेतलं तर दिवसभर आंबट ढेकर येत राहतील, बाकी काही नाही.

मग आल्याचा खरा उपयोग कशाला? सगळ्यात भक्कम पुरावा मळमळ-उलटीसाठी आहे. गरोदरपणातल्या मळमळीवर बऱ्याच चाचण्या झाल्यात आणि त्यात साधारण दिवसाला 1 ग्रॅम सुंठ पावडर, ती पण दोन-चार वेळात विभागून दिलेली आहे. 1 ग्रॅम म्हणजे घरचा छोटा चमचा अर्धा सपाट, बस्स. तरी गरोदर बाईने स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आपल्या डॉक्टरला विचारून घ्यावं. पाळीच्या दुखण्यात पहिल्या तीन दिवसांत सुंठ घेतल्याने आराम पडतो असं काही अभ्यासांत दिसलंय. गुडघेदुखीत थोडाफार फरक पडतो, फार नाही. जेवण लवकर पुढे सरकायला मदत होते म्हणून जड जेवणावर आलं-लिंबू-सैंधव बरं वाटतं, आपल्या आज्या उगाच देत नव्हत्या. सर्दीत गरम आल्याचं पाणी घशाला शेक देतं, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण विषाणू मरतो, कॅन्सर बरा होतो असे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते कृपया पुढे पाठवू नका, कोणीतरी खरंच औषध सोडून देतं.

आणि आता ज्याच्यासाठी मी मुद्दाम थांबायला सांगितलं ते. घरात कोणाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का बघा, वॉरफेरिन, ॲसिनोकुमारॉल, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन. हृदयाची झडप बदललेले, स्टेंट बसवलेले, लकवा येऊन गेलेले बरेच जण ही औषधं घेतात आणि त्यांनाच घरचे प्रेमाने दिवसाला तीन वेळा कडक काढा पाजतात. चहात एखादा तुकडा आलं असेल तर घाबरायचं कारण नाही, पण रोजचा काढा, सुंठीच्या गोळ्या, आल्याच्या कॅप्सूल हे सुरू करायच्या आधी डॉक्टरला सांगाच, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर हे घरगुती उपाय पण डॉक्टरला सांगायचे असतात, लोक फक्त गोळ्या सांगतात आणि काढा सांगत नाहीत कारण तो त्यांना औषध वाटतच नाही. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी पण विचारूनच घ्या.

लहान बाळाला, म्हणजे वर्षाच्या आतल्या, आलं-मध चाटवू नका. मधातून बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, बोटावर चाटवलेल्या थेंबाने सुद्धा. घरातल्या मोठ्यांना हे सांगणं अवघड जातं मला माहितीय, पण सांगा. मोठ्या माणसांसाठी मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर घाला, उकळत्या काढ्यात मध घालू नये हे आयुर्वेदात सांगितलेलंच आहे आणि मधाचा वास पण त्यात उडून जातो.

खोकल्याचं शेवटचं. सुंठीने जाणारा खोकला वेगळा आणि टीबीचा खोकला वेगळा. दोन आठवडे झाले तरी खोकला आहे, संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरतंय, तर काढ्याचा तिसरा आठवडा सुरू करू नका, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत.

आलं-लिंबू सरबत आणि पाचक

रस काढला, गाळला, बाटली भरली आणि थोड्या वेळात तळाला पांढरा दाट थर. ही भेसळ नाही, तो आल्यातला स्टार्च आहे. तो तसाच ठेवून पाक केला की स्टार्च शिजतो आणि सरबत गढूळ, चिकट, खळीसारखं होतं. रस काढल्यावर अर्धा-पाऊण तास उंच ग्लासात न हलवता ठेवा, मग वरचा पिवळा रस अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि खालचा साका टाकून द्या. घाई करून ग्लास हलवला तर सगळं पुन्हा मिसळतं आणि परत थांबावं लागतं. एवढं एक काम नीट केलं तर निम्मं सरबत जमलंच म्हणा.

लिंबू पाकात उकळायचं नाही, कडवटपणा येतो आणि सी जीवनसत्त्व पण कमी होतं, पाक गार झाल्यावरच पिळा, बी आत जाऊ देऊ नका. लिंबू पिळल्यावर रसाला हलकी गुलाबी छटा आली तर घाबरू नका, कोवळ्या आल्यात असं होतं, आंबटामुळे त्यातला रंग खुलतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र हे करू नका, लिंबाने धातू पेयात उतरतो, स्टील किंवा काच घ्या.

साखर कमी करायची हौस असते आणि ती चांगलीच आहे, पण साखर कमी म्हणजे टिकणं पण कमी, मग ती बाटली ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. झाकण फुगलं, उघडताना फुस्स आवाज आला, फेस आला तर ते आंबलंय, काचेची बाटली अशाने फुटू शकते, म्हणून सिंकमध्ये धरून हळू उघडा आणि ओतून द्या. पाचकात मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांनी चमचा-दोन चमचेच. आणि उसाच्या रसात आलं घातलं म्हणून तो शुगरवाल्यांना चालतो हा गैरसमज आहे, त्यातली साखर आहे तेवढीच राहते. आलेपाकाच्या वडीचं पण तेच, वडीत आलं थोडं आणि साखर जास्त.

आणायचं कसं, ठेवायचं कसं

साताऱ्याकडचं आणि संभाजीनगर भागातलं आलं आपल्याकडच्या बाजारात भरपूर येतं. थंडीत नवीन आलं येतं, पातळ सालीचं, रसाळ, सरबताला आणि लोणच्याला छान. उन्हाळ्यात जून आलं मिळतं, दोरे जास्त पण तिखटपणा पण जास्त, चहा-काढ्याला तेच बरं. फारच चकचकीत, पिवळंधमक, साल निघालेलं दिसलं तर घेऊ नका, मातीचं आणा आणि घरी धुवा. कापल्यावर आत निळसर-हिरवट कडं दिसलं तर ते खराब नाही, काही जातींत तसं असतं. कोंब आला असेल तरी खाता येतं, कोंब काढून कुंडीत लावा हवं तर. सुरकुतलेलं पण चालतं, रस कमी निघेल इतकंच. पण बुरशी दिसली, आत मऊ काळं पडलं, तर तेवढा भाग कापून बाकीचं वापरायची काटकसर नको, पूर्ण तुकडा टाका.

धुऊन ओलं आलं पिशवीत बांधून ठेवलं की चार दिवसांत बुळबुळीत होतं. न धुता, कोरडं, कागदात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या खणात ठेवा. फ्रीज नसेल तर जुनी पद्धत उत्तम आहे, मडक्यात किंचित ओलसर वाळू आणि त्यात आलं पुरून ठेवायचं. एकदम किलोभर आणलं असेल तर साका काढलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये घाला, वड्या झाल्या की डब्यात काढून ठेवा, चहाच्या उकळत्या पाण्यात एक वडी टाका, दूध नेहमीसारखं शेवटी.