पीएचडी झाली, आता कॉलेजबाहेर काय?

रसायनशास्त्रात पीएचडी करून दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. आता नवी मुंबईत, ऐरोलीत पेटंटचं काम करते आणि त्यात मनापासून रमले आहे.

वाट बदलायची असेल तर प्रबंध बाजूला ठेवा आणि त्या वर्षांत प्रत्यक्ष काय काय केलंत ते वहीत लिहा. मी लिहिलं होतं, ‘शेकडो पेपर चाळून नवं नेमकं काय ते शोधलं.’ पेटंटच्या कामातही हेच करायचं असतं; त्या एका ओळीनेच मला हे काम दाखवलं. बायोडेटा दोन पानांचा पुरे.

मग माणसांना भेटा. रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात तुमच्या विद्यापीठाचं कुणीतरी सापडतंच. लगेच नोकरी मागू नका. दिवसभर काय करता, एवढंच विचारा. घणसोली स्टेशनबाहेर चहा पिताना एका ताईंनी मला क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क सांगितलाय ते मांडणारं वाक्य, वाचायला शिकवलं: ‘कम्प्रायझिंग’ म्हणजे आणखी घटक असले तरी चालतात, ‘कन्सिस्टिंग ऑफ’ म्हणजे तेवढेच. एका शब्दावर अख्खं पेटंट उभं! मी त्या दिवशीच ठरवलं.

पेटंट एजंट म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणारा; त्याची परीक्षा विज्ञानाच्या पदवीवर देता येते. दोन लेखी पेपर, मग तोंडी. १९७० चा पेटंट कायदा मुळातून वाचा, नुसत्या गाइडवर विसंबू नका. मी रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये दोन-दोन कलमं वाचायचे.